नाबरकाकांचे पाहुणे

नाबरकाकांचं वाक्य त्यांच्याच तोंडून पूर्ण झालेलं मी फार क्वचित ऐकलं. त्यात त्यांचा दोष नव्हता. माणूस मुळातच सावकाश. एक शब्द बोलायचे, खिडकीबाहेर बघायचे, पुढचा शब्द शोधायचे. तो सापडेपर्यंत सुमनकाकूंनी वाक्य संपवून ताटंसुद्धा घेतलेली असायची.

"आज खोर फक्कानला एक..." एवढं काका म्हणायचे.

"जहाज उशिरा लागलं, उन्हात उभे राहिलात, आणि डबा तसाच परत आणलात. हात धुवा," एवढं काकू म्हणायच्या. आणि ते खरंच असायचं! डबा उघडला की पोळ्या तशाच.

शारजात अल नहदाला आमचे फ्लॅट समोरासमोर. आमच्या बाल्कनीतून रस्त्यापलीकडे दिसतं ते दुबई. दिसतं हाकेच्या अंतरावर, पण सकाळी गाडीने तिथे पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. मी तिथेच, अल क्वोजला एका वेअरहाउसच्या ऑफिसात एचआर बघते, म्हणजे दिवसभर हिंदीत समजूत घालते आणि इंग्लिशमध्ये मेल लिहिते. संध्याकाळी घरी आले की मराठी बोलायला माणूस हवं असायचं. नवरा जहाजावर इंजिनियर, सहा-सहा महिने घराबाहेर. लेक इरा इंग्लिशमध्ये उत्तरं देते. त्यामुळे माझी संध्याकाळ नाबरांच्या सोफ्यावरच जायची. मीही बोलभांड बाई. काकू आणि मी मिळून काकांची वाक्यं वाटून घ्यायचो म्हणा ना.

त्यांच्या दाराबाहेर, चपलांच्या स्टँडशेजारी, पाण्याने भरलेला पितळी तांब्या असायचा. वर भांडं पालथं. काकूंच्या माहेरची, वेंगुर्ल्याकडची पद्धत. बाहेरून आलेल्याने आधी उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घ्यायचं, दोन घोट प्यायचे आणि मग आत यायचं. सातव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये पायांवर पाणी ओतलं तर मॅनेजमेंटची नोटीस आली असती, म्हणून पाय गेले आणि घोट राहिले. काका डोंगरातून गाडी हाणत खोर फक्कानच्या बंदरातून यायचे, दाराशी उभ्याउभ्या पाणी प्यायचे, ओले हात डोळ्यांना लावायचे आणि मगच बेल वाजवायचे. किल्ली खिशात असायची, तरी बेलच.

त्या तांब्यातलं पाणी सगळा मजला प्यायचा. जेवणाची पार्सलं घेऊन येणारी बाइकवाली पोरं जुलैच्या उन्हात तोंडं लाल करून यायची, तीही प्यायची. आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, अस्लमभाई. खाली त्याच्या खोलीत फ्रिज आहे, तरी वर यायचा. "भाभीजी का पानी अलग है," म्हणायचा. काकू दिवसातून कितीदा तरी तांब्या भरायच्या आणि वर मला ऐकवायच्या, "मी काय पाणपोई उघडलीय?" पण तांब्या कधी रिकामा ठेवला नाही.

काका कार्गो सर्व्हेयर. बंदरात माल फुटून, भिजून, अर्धवट आला की यांनी जायचं, बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. काय आलं, काय नाही, काय खराब झालं. त्या रिपोर्टावर विमा मिळणार की नाही ते ठरायचं, त्यामुळे चहा पाजणारे, खांद्यावर हात ठेवणारे खूप. एकदा एक व्यापारी घरी आला. त्याची पेटी फुटून आली होती, आत किमती पार्ट होते असं त्याचं म्हणणं. "हबीबी, तू फक्त 'होते' एवढं लिही. रिकामी पेटी काय मी मागवणार आहे?" काकांनी त्याला तांब्यातलं पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "पेटी उघडी होती. आत काय होतं ते मी..."

"बघितलेलं नाही," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तो माणूस हट्टाला पेटला. शेवटी काका म्हणाले, जहाजावर चढवताना ज्याने पेटी बंद केली तो फोरमन आणा. त्याचा फोन लागला. काकांनी त्याला हजार प्रश्न विचारले आणि रिपोर्टात लिहिलं, आत अमुक पार्ट होते, अमुक फोरमनच्या सांगण्यावरून. नंतर मला समजावून सांगत होते. जे आपण बघितलं ते आपल्या नावावर. जे नाही बघितलं, पण विश्वासाच्या माणसाने सांगितलं, ते त्याच्या नावावर. आणि जे कोणालाच माहीत नाही, तिथे जागा मोकळी सोडायची. "मोकळी जागा दिसली की लोकांचा हात..." म्हणाले. "शिवशिवतो," मी म्हटलं. "हं," म्हणाले.

आता पाहुण्यांविषयी. हे पाहुणे म्हणजे एक ग्रीक कवी, मरून हजारो वर्षं झालेला. बंदरात काकांना ग्रीक जहाजं भेटायची. जहाजांच्या मागच्या बाजूला नाव आणि गाव लिहिलेलं असतं, त्यावरून यांनी ग्रीक अक्षरं लावायला सुरुवात केली. फावल्या वेळचा चाळा. एकदा एक म्हातारा कॅप्टन, जहाज नांगरावर तिष्ठत पडलेलं, त्याने यांना चार ओळी म्हणून दाखवल्या. आमच्या बेटावरचा कवी, म्हणाला. काका घरी आले ते वेड लागल्यासारखे. मग व्याकरणाची पुस्तकं आली, डिक्शनरी आली, आणि सुट्टीच्या शुक्रवारची सकाळ जी पूर्वी मासळीबाजाराची होती, ती त्या कवीची झाली. हे सगळं मराठीत आणायचं, असं त्यांनी मनाशी घेतलं.

कवीचं नाव मी लिहीत नाही, कारण काका ते कोणाला सांगायचे नाहीत. "नाव कळलं की लोक माहिती वाचतात, कविता..." आणि खरंच आहे ते, मीसुद्धा लगेच फोनवर शोधलं असतं. काकू त्याला पहिल्यापासून 'पाहुणे' म्हणायच्या. "काय म्हणतायत आज पाहुणे?" "पाहुण्यांना सांगा, जेवायची वेळ झाली." सवतीवर रागवावं तशा रागवायच्या आणि ती शुक्रवारची सकाळ दार लोटून घेऊन सांभाळायच्यासुद्धा. मला नाही, इराला नाही, कोणाला आत सोडायच्या नाहीत.

या पाहुण्याचं चरित्र म्हणाल तर हातावर मावेल एवढं. बेटावर जन्मला. बापाची द्राक्षं होती. गावात भांडणं झाली, तेव्हा याला होडीत घालून हाकलून दिलं आणि म्हातारपणी परत घेतलं. लग्नांत म्हणायची गाणी करायचा, असं कोणीतरी लिहून ठेवलंय. ते लिहिणारा माणूसही त्याच्यानंतर कित्येक शतकांनी झाला, त्यामुळे काका ते सांगताना "म्हणतात" हा शब्द कधी विसरायचे नाहीत. गाण्यांच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या होत्या म्हणे. उरलं काय? चिंध्या. काही तुकडे इजिप्तच्या वाळूत, कचऱ्याच्या ढिगात सापडले. एक अख्खी ओळ वाचली ती कुठल्याशा व्याकरणवाल्यामुळे. त्याला एका भांड्याचं नाव उदाहरण म्हणून हवं होतं, आणि ते या ओळीत होतं. ओळ किती सुंदर आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. काकूंना हा किस्सा फार आवडायचा. "बघा, शेवटी भांडंच कामी आलं," म्हणायच्या.

तर या फाटक्या कवितांचा अनुवाद काका सर्व्हेयरच्या हाताने करायचे. जे आहे ते आहे. जे नाही तिथे मोकळी जागा. आणि वाचून दाखवताना, मोकळी जागा आली की बोटाचं पेर टेबलावर वाजवायचे. टक. दोन शब्द गेले असतील तर टक टक. सुरुवातीला मला हसू यायचं. पण थोड्या वेळाने कान त्या टकटकीची वाट बघायला लागायचा. काहीतरी होतं इथे, आणि गेलं! इरा लहान होती तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून स्वतःच टकटक करायची. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'टकटक आजोबा' म्हणतात ते तेव्हापासून.

सगळं भांडण झालं ते एका तुकड्यावरून. काकांच्या मराठीत तो असा आहे:

वारा फिरला.
होड्या दिसू लागल्या.
मुली, दाराशी ठेव

आणि टक. कागद तिथे फाटलाय. एखादा लहानसा शब्द मावेल एवढी जागा आणि एका अक्षराची शेपटी, बस. एक पंडित म्हणतो, दाराशी दिवा ठेव. दुसरा म्हणतो माळ. तिसरा म्हणतो कुत्रा.

"कुत्रा?" काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अहो, समुद्रावरून माणूस येतोय. खारट तोंडाचा, उन्हाने करपलेला. त्याच्यासाठी दाराशी काय ठेवतात हे सांगायला पंडित लागतो? पाणी! पाणी ठेव म्हणतोय तो बाप लेकीला."

"बसू शकेल," काका म्हणाले. अक्षराची शेपटी पुन्हा बघितली. "पण बसू शकतं म्हणजे होतंच असं..."

"होतंच!"

"सुमन, मी बघितलेलं नाही."

"मी बघितलंय ना! तुम्ही रोज येता तेव्हा बघते."

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. गमतीत सुरू व्हायचं आणि कधीकधी काकू खरंच फुरंगटून बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांचा संसार, यांचं प्रत्येक वाक्य मी पुरं केलं. त्या पुस्तकात माझा एक शब्द घेतला तर काय बिघडेल? एकच मागतेय." मी काकूंसमोरच काकांना सांगितलं. ते म्हणाले, "खोटा रिपोर्ट मी कधी..." आणि पुढचं काकूंनीही पूर्ण केलं नाही, उठून आत गेल्या.

मधेच इथल्या मराठी मंडळींनी एक स्मरणिका काढली. काकांकडून चार तुकडे मागून घेतले. स्मरणिका हातात आली आणि काकांचा चेहरा पांढरा पडला. सगळ्या मोकळ्या जागा भरलेल्या! संपादक बिचारा आयटीतला, सज्जन मुलगा. पीडीएफ केली की मराठी फॉन्टची अक्षरं उडतात हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. त्याला वाटलं, काकांच्या कवितांतही तसंच झालंय. प्रेस तर यल्ला यल्ला करत मागे लागलेली. रात्रभर बसून, जमेल तिथे यमक साधून, त्याने सगळे शब्द परत बसवले. "काका, बऱ्याच ठिकाणी फॉन्ट उडाला होता, पण मी मॅनेज केलं," असं वर अभिमानाने सांगितलं. काका काय बोलणार? "छान," म्हणाले.

आणि दाराशी काय ठेवलं होतं त्याने? फुलं.

काकांपेक्षा काकूच भडकल्या. "फुलं? दमूनभागून आलेल्या माणसाला फुलं? मेला आयुष्यात कधी उन्हातून चालत घरी आला नसेल!" स्मरणिका त्यांनी माळ्यावर टाकली. काका दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फोन करणार होते, केला नाही. "त्याने प्रेमाने केलंय," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, पण काकूंना ते कसं लागलं असेल हे मला आत्ता लिहिताना कळतंय. त्या परक्या मुलाचा शब्द छापून आला, आणि त्यांचा नाही.

मग काकूंचं आजारपण निघालं. पोटाचं होतं, आणि कळलं तेव्हा फार पुढे गेलेलं. काकांनी बंदरावर जाणं कमी केलं आणि ते पुस्तकाच्या मागे लागले. हिच्या हातात पुस्तक द्यायचंय, एवढंच त्यांना दिसत होतं. हॉस्पिटलच्या खोलीत खुर्चीवर कागद मांडीवर घेऊन बसायचे. काकू डोळे मिटून पडलेल्या असायच्या. मी एकदा दुपारी गेले होते, त्यांची लेक मंजिरीही पुण्याहून आली होती. काकूंनी डोळे उघडले आणि काकांकडे बघून, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यांना पाणी दिलंत का हो?"

काका म्हणाले, "सुमन, मी..."

त्यांच्या नजरेतून सुटका नव्हती. त्या वाट बघत होत्या. याही वेळी त्यांनी काकांचं वाक्य पूर्ण केलं नाही, त्यांच्यावर सोडलं. आणि काकांना ते करता आलं नाही. नर्स आली, सलाइन बदललं, विषय गेला. त्या आठवड्यातच काकू गेल्या. मला फार राग आला होता तेव्हा काकांचा. 'दिलं' म्हणायला काय जात होतं? मरणाऱ्या बाईला एक शब्द! मंजिरीही रडतरडत तेच म्हणाली. पण खोटं बोलता येत नसलेल्या माणसावर रागावून तरी किती रागावणार?

नंतर काका एकटे राहिले. तांब्या आत गेला. बंदरातून यायचे, चपलांच्या स्टँडशेजारी जरा थांबायचे, खाली बघायचे, आणि खिशातून किल्ली काढायचे. अस्लमभाईने एकदा मला विचारलं, "वो पानी अब नहीं रखते?"

आणि बोलणं! "आज खोर फक्कानला एक..." असं म्हणून ते थांबायचे. खिडकीबाहेर बघायचे. मी तत्परतेने म्हणायचे, "जहाज आलं का?" "नाही. जाऊ दे." मग पुन्हा, "गाडी बंद पडली का?" "नाही." मला एकही वाक्य पूर्ण करता येईना! काकूंना कसं कळायचं कोण जाणे. हळूहळू मी प्रयत्न सोडला. ती अर्धी वाक्यं तशीच राहायची आणि आम्ही चहा प्यायचो.

मग कंपनीनेही सांगितलं की आता व्हिसा वाढवता येणार नाही, वय झालं. खलास. मंजिरी पुण्याला न्यायला आली. जायच्या आधी काकांनी एकदा सगळं वाचून दाखवावं, असं मी ठरवलं. शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधली मराठी घरं जमली. स्मरणिकेवाला मुलगाही आला, बायकोला घेऊन. अस्लमभाई दारात उभा राहिला, त्याला बसा म्हटलं तरी बसेना. इरा आता आठवीत आहे. "आई, आय वोन्ट अंडरस्टँड हाफ ऑफ इट," म्हणत आली आणि काकांच्या अगदी पायाशी बसली.

काका वाचत गेले. द्राक्षं, होड्या, लग्नाची गाणी, हद्दपारी. टक. टक टक. इराही जमिनीवर बोटाचं पेर वाजवत होती, न चुकता, त्यांच्याबरोबर. तिला शब्द अर्धे कळत नव्हते, पण मोकळ्या जागा सगळ्या पाठ होत्या. शेवटी तो तुकडा आला.

"वारा फिरला. होड्या दिसू लागल्या. मुली, दाराशी ठेव..."

इराचा हात वर गेला. काकांचं बोट टेबलावर आलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. मलाही बोलवेना, मला!

"पाणी," काका म्हणाले.

इराचा हात तसाच वर राहिला. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि त्यांच्या त्या रिपोर्टाच्या सरळ आवाजात पुढचं वाचलं. "हा शब्द कागदावर नाही. सुमन मनोहर नाबर यांच्या सांगण्यावरून घेतला आहे."

मंजिरीने तोंडाला पदर लावला. काका मात्र आमच्याशी बोलत नसल्यासारखे, सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाले, "रिपोर्टात ही सोय पहिल्यापासून होती. आयुष्यभर वापरली. फोरमनचं घेतलं, ड्रायव्हरचं घेतलं. तिचं घ्यायचं मला सुचलं नाही. ती असताना सुचायला हवं होतं."

इतकं लांब बोलणं त्यांनी एकट्याने पूर्ण केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी आत जाऊन चहा ठेवायच्या निमित्ताने रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका निघाले. इरा शाळेच्या प्रोजेक्टसाठी मैत्रिणीकडे गेली होती, तिची भेट झाली नाही. बॅगा अस्लमभाईने खाली नेल्या. मंजिरीने लिफ्ट धरून ठेवली होती. काका लिफ्टमध्ये शिरले. हातात तो पितळी तांब्या, कापडात गुंडाळलेला, बॅगेत ठेवायला तयार नव्हते. मी पाया पडले. ते म्हणाले, "इराला सांग, की..."

आणि थांबले, नेहमीसारखे, पुढचा शब्द शोधत. मंजिरीचं बोट बटणावरून सुटलं आणि दार लागलं.

संध्याकाळी इरा आली. "डिड आजोबा से समथिंग फॉर मी?" तिने विचारलं. 'अभ्यास कर' असेल, 'मराठी वाच' असेल, 'पुण्याला ये' असेल. काहीही बसू शकलं असतं, आणि मी बोलभांड बाई, माझ्या जिभेवर तिन्ही वाक्यं आली होती.

"हो," मी म्हटलं. "म्हणाले, इराला सांग, की..." आणि टेबलावर बोटाचं पेर वाजवलं.